पायएन्व्हच्या ओळी शेलच्या नेमक्या कुठल्या फाईलमध्ये टाकायच्या?

धागाकर्ता: अडगळ

नमस्कार मंडळी,

उबुंटूवर पायएन्व्ह (पायथॉनच्या अनेक आवृत्त्या सांभाळणारं साधन) बसवलं. शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) बॅश. .बॅशआरसीच्या शेवटी तीन ओळी टाकल्या. पहिली पायएन्व्ह_रूट कुठे आहे ते सांगणारी, दुसरी त्यातली बिन डिरेक्टरी पाथच्या (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या डिरेक्टऱ्यांची यादी) सुरुवातीला लावणारी आणि तिसरी "पायएन्व्ह इनिट -" चं आउटपुट इव्हॅल करणारी, म्हणजे ते कमांड म्हणून चालवणारी. नवं टर्मिनल उघडून "पायथॉन३ --व्हर्जन" विचारलं की हवी ती आवृत्ती मिळते. इथवर सगळं छान.

टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक शेल चालवणारं साधन) उघडलं की मात्र सिस्टिमचं पायथॉन पुढे येतं. दुसऱ्या मशीनवरून एसएसएच करून आलो तरी तेच, आणि क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टलाही तेच मिळतं.

शोधाशोध केली तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. एक म्हणतो .बॅशआरसी, दुसरा .प्रोफाइल, तिसरा .बॅश_प्रोफाइल, आणि बरेच जण सांगतात की तिन्हीकडे टाका नि मोकळे व्हा. असं डोळे झाकून तिन्हीकडे टाकणं मला पटत नाही. कुठली फाईल कधी वाचली जाते आणि का, हे एकदा नीट समजून घ्यायचं आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रातकिडा

टीमक्स प्रत्येक पेनमध्ये (खिडकीच्या भागात) लॉगिन शेल, म्हणजे खात्यात शिरताना सुरू होतो तसा शेल उघडतं. एसएसएचने आत आलात की तोही लॉगिन शेल. उबुंटूचं साधं टर्मिनल तसं करत नाही. तुमचा फरक इथेच आहे.

खटपट्या

रातकिडा यांच्याशी सहमत, जरा विस्ताराने लिहितो.

बॅश स्वतःला दोन प्रश्न विचारतं. मी लॉगिन शेल आहे का? आणि मी इंटरॅक्टिव्ह आहे का, म्हणजे समोर माणूस बसून टाईप करतोय का?

लॉगिन असेल तर आधी सिस्टिमची /ईटीसी/प्रोफाइल वाचली जाते. मग घरच्या डिरेक्टरीत .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन, .प्रोफाइल या क्रमाने शोध होतो आणि जी पहिली सापडेल तेवढीच वाचली जाते. उरलेल्यांना हातही लागत नाही. लॉगिन नसेल पण इंटरॅक्टिव्ह असेल तर .बॅशआरसी. दोन्ही नसेल, म्हणजे स्क्रिप्ट चालवत असेल, तर यातलं काहीच नाही. फक्त बॅश_एन्व्ह या व्हेरिएबलमध्ये एखाद्या फाईलचं नाव असेल तर ती वाचली जाते.

झेडएसएच या दुसऱ्या शेलचा हिशेब जास्त सरळ आहे. .झेडएसएचएन्व्ह नेहमी, .झेडप्रोफाइल लॉगिनला, .झेडएसएचआरसी इंटरॅक्टिव्हला. एक सापडली म्हणून दुसरी सोडली असं तिथे होत नाही, जी जी लागू ती ती क्रमाने वाचली जाते.

आता अडगळ, तुमच्या वर्णनात मला एक गोष्ट खटकतेय. उबुंटू जी .प्रोफाइल देतं ती स्वतःच .बॅशआरसी वाचते. म्हणजे टीमक्समध्येही तुमच्या ओळी चालायला हव्या होत्या. त्या चालत नाहीत याचा अर्थ .प्रोफाइल वाचलीच जात नाहीये. घरच्या डिरेक्टरीत "एलएस -ए" करून .बॅश_प्रोफाइल नावाची फाईल आहे का ते बघा आणि इथे सांगा.

पिंपळपान

खटपट्यांचा प्रतिसाद आवडला. वाखु (वाचनखूण) साठवली.

सरळमार्गी

माझं मत वेगळं आहे. ही सगळी कटकट शिममुळे होते. पायएन्व्ह आणि आरबीएन्व्ह (रुबीसाठीचं तसंच साधन) पाथच्या सुरुवातीला एक शिम्स डिरेक्टरी लावतात आणि तिच्यात पायथॉन, पिप वगैरे नावांच्या छोट्या छोट्या स्क्रिप्ट ठेवतात. तुम्ही पायथॉन म्हटलं की आधी ती स्क्रिप्ट चालते, आवृत्ती शोधते आणि मग खरं पायथॉन चालवते. मधला हा दलाल हवाच कशाला? मीझ हे आवृत्त्या सांभाळणारं दुसरं साधन वापरा. ते थेट खऱ्या आवृत्तीची डिरेक्टरी पाथमध्ये घालतं. डिरेक्टरी बदलली की पाथ बदलतो. "व्हिच पायथॉन" विचारलं की खरा पत्ता मिळतो.

दुवा

@सरळमार्गी, मीझ मीही वापरते (आरटीएक्स नाव होतं तेव्हापासून, ते २०२४ च्या सुरुवातीला बदललं). चांगलं आहे, पण तुम्ही अर्धीच बाजू मांडलीत. त्याचा पाथ बदलणारा हुक प्रॉम्प्ट छापायच्या वेळी चालतो. क्रॉन, एडिटरने मागे चालवलेली कमांड, बिल्ड स्क्रिप्ट अशा ठिकाणी प्रॉम्प्ट छापलाच जात नाही, त्यामुळे हुकही चालत नाही. म्हणून तर मीझनेसुद्धा शिम ठेवले आहेत आणि इंटरॅक्टिव्ह नसलेल्या ठिकाणी तेच वापरायला सांगितलं आहे. शिमचा मोठा फायदा हाच की शेलने काहीच वाचलं नाही तरी पाथमध्ये ती एक डिरेक्टरी असली की काम होतं.

अडगळ यांची अडचण साधनाची नाहीये. साधन बदललं तरी "ही ओळ कुठे टाकू" हा प्रश्न उद्या तसाच समोर उभा राहील.

सरळमार्गी

क्रॉनचा मुद्दा मान्य. रोजच्या टर्मिनलपुरतं मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.

मंद्रसप्तक

मॅकवाल्यांसाठी थोडी भर घालतो, कारण तिथे खेळ निराळा आहे.

मॅकओएसवर २०१९ च्या कॅटालिनापासून नव्या खात्यांना झेडएसएच मिळतं, आणि तिथलं टर्मिनल प्रत्येक खिडकीत लॉगिन शेल उघडतं. म्हणजे .झेडप्रोफाइल आणि .झेडएसएचआरसी दोन्ही वाचल्या जातात आणि कुठेही टाकलं तरी चालतंय असं वाटतं. अडतं ते .झेडएसएचएन्व्हमध्ये टाकणाऱ्यांचं. "ती नेहमी वाचली जाते, मग पाथ तिथेच लावू" हा विचार बरोबर वाटतो, पण तिच्यानंतर सिस्टिमची /ईटीसी/झेडप्रोफाइल चालते आणि ती पाथ_हेल्पर नावाचा प्रोग्रॅम बोलावते. हे महाशय सिस्टिमच्या डिरेक्टऱ्या पाथच्या सुरुवातीला आणून बसवतात आणि तुमच्या मागे ढकलतात. शिम पाथमध्ये असतात, फक्त /यूएसआर/बिनच्या मागे असतात, म्हणून सिस्टिमचा प्रोग्रॅम आधी सापडतो.

टीमक्समध्ये याचं दुसरं रूप दिसतं. बाहेरच्या शेलमध्ये पाथ बरोबर लागलेला असतो. टीमक्स त्याच पाथवर पुन्हा लॉगिन शेल उघडतं, पाथ_हेल्पर पुन्हा चालतो, शिम पुन्हा मागे. आता पाथ दोनदा लागू नये म्हणून अनेक जण "शिम्स डिरेक्टरी पाथमध्ये आधीच असेल तर काही करू नकोस" अशी अट लिहितात. ती अट बघते की डिरेक्टरी आहे, आणि गप्प बसते. त्यामुळे असण्याची अट घालू नका, नेहमी पुढे लावा. झेडएसएचमध्ये "टाइपसेट -यू पाथ" लिहिलं की दुहेरी नोंदी आपोआप गळतात आणि पुढची टिकते.

रातकिडा

पाथ_हेल्परवर वेगळा धागा निघाला पाहिजे. मंद्रसप्तक, मनावर घ्याच.

यमन

मला एक मूलभूत शंका आहे. हे इव्हॅल प्रकरण कशासाठी? प्रोग्रॅम पाथमध्ये आहे, तो चालवला की झालं, एवढं का पुरत नाही? इव्हॅल वापरू नये असं सगळीकडे वाचलं आहे.

खटपट्या

छान प्रश्न. या सगळ्या साधनांचं मर्म त्यातच आहे.

युनिक्समध्ये चाइल्ड प्रोसेसला पॅरेंटची एन्व्हायर्नमेंट बदलता येत नाही. तुम्ही "पायएन्व्ह शेल ३.१२" म्हणता तेव्हा चालू शेलमध्ये पायएन्व्ह_व्हर्जन हे व्हेरिएबल लागायला हवं. पायएन्व्ह जर निव्वळ वेगळा प्रोग्रॅम असेल तर तो स्वतःच्या प्रोसेसमध्ये व्हेरिएबल लावेल आणि संपेल. तुमच्या शेलला पत्ताही लागणार नाही. म्हणून पायएन्व्ह हे फंक्शन असावं लागतं, आणि फंक्शन तुमच्या शेलने स्वतः वाचावं लागतं. "पायएन्व्ह इनिट -" ते फंक्शन लिहून देतं आणि इव्हॅल ते वाचून घेतं.

भीती वाटत असेल तर इव्हॅल काढून नुसतं "पायएन्व्ह इनिट -" चालवून बघा. जे छापलं जाईल तेच तुमचा शेल चालवतो. थोडक्या ओळी आहेत: शिम्स पाथच्या पुढे, पायएन्व्ह_शेल हे व्हेरिएबल, कम्प्लिशनची फाईल, एक रिहॅश (शिम नव्याने बनवणं) आणि ते फंक्शन. प्रत्येकाने एकदा वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं. पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

आता यातली विभागणी बघा. पाथ आणि व्हेरिएबलं एक्स्पोर्ट केली की ती चाइल्ड प्रोसेसकडे वारशाने जातात, म्हणून ती लॉगिनला एकदा लागली तरी पुरतात. फंक्शन आणि कम्प्लिशन मात्र वारशाने जात नाहीत, ती प्रत्येक इंटरॅक्टिव्ह शेलने नव्याने वाचावी लागतात. म्हणून पाथ .प्रोफाइलमध्ये आणि इव्हॅल .बॅशआरसीमध्ये, ही मूळ कल्पना.

दुवा

आणि सूचना वेगवेगळ्या का मिळतात त्याचंही कारण हेच. पायएन्व्हने २.० मध्ये (२०२१) ही विभागणी सक्तीची केली. पाथसाठी वेगळं "इनिट --पाथ" आणलं. लोकांचे सेटअप मोडले, भरपूर चर्चा झाली, आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये "इनिट -" पुन्हा पाथही लावू लागलं. इंटरनेटवर तिन्ही काळातले लेख शेजारी शेजारी पडले आहेत. लेखाची तारीख बघूनच सूचना घ्या.

पिंपळपान

अवांतर: जुन्या रुबीवाल्यांना आरव्हीएमचा (रुबीच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) तो संदेश आठवतोय का? "आरव्हीएम हे फंक्शन नाही", आणि पुढे टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन लॉगिन शेल चालू करा अशी सूचना. आम्ही निमूटपणे खूण करायचो. खटपट्यांचं वाचून आज कळलं की तो संदेश खरंच कामाचं सांगत होता!

रातकिडा

आरव्हीएम तर "सीडी" कमांडसुद्धा स्वतःच्या फंक्शनने बदलायचं, म्हणजे डिरेक्टरीत शिरलात की रुबी बदललं. त्यावर नाराज असलेल्यांसाठी २०११ मध्ये सॅम स्टीफन्सन यांनी आरबीएन्व्ह लिहिलं. सीडीला हात लावायचा नाही, फक्त शिम. पायएन्व्ह त्याच कोडवरून निघालं, म्हणून दोघांच्या कमांड इतक्या सारख्या दिसतात.

वाटसरू_२

धाग्याचा विषय पायथॉन आहे, पण शेल कॉन्फिगर करण्याबद्दलच आहे म्हणून विचारतो. एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) लावल्यापासून नवं टर्मिनल उघडायला जाणवण्याइतका वेळ लागतो. उपाय?

मंद्रसप्तक

एनव्हीएम सगळंच्या सगळं शेल फंक्शन आहे. ती मोठी फाईल प्रत्येक शेलमध्ये वाचली जाते, आणि वाचून झाल्यावर ते तुमची डीफॉल्ट आवृत्ती लावतं. हा शेवटचा भाग जास्त खातो.

आधी मोजा. "टाइम झेडएसएच -आय -सी एक्झिट", किंवा बॅश असेल तर "टाइम बॅश -आय -सी एक्झिट". झेडएसएचमध्ये .झेडएसएचआरसीच्या पहिल्या ओळीत झेडप्रॉफ मॉड्यूल लोड करा आणि शेवटच्या ओळीत "झेडप्रॉफ" लिहा, कोण किती वेळ खातं याचा तक्ता मिळेल. न मोजता बदल करू नका. दोष कधी कधी प्रॉम्प्टच्या थीमचा असतो.

एनव्हीएमच दोषी निघालं तर ती फाईल सोर्स करताना "--नो-यूज" द्या आणि डीफॉल्ट नोडची बिन डिरेक्टरी स्वतः पाथमध्ये लावा. नोड लगेच मिळेल, आणि आवृत्ती बदलायची असेल तेव्हा एनव्हीएम तयार असेल. किंवा एफएनएम हे नोडसाठीचंच दुसरं साधन वापरून बघा. रस्टमध्ये लिहिलेलं आहे आणि .एनव्हीएमआरसी फाईल तेही ओळखतं.

वाटसरू_२

मोजलं. एनव्हीएमच होतं. --नो-यूजने फरक पडला. आभारी आहे.

धागाकर्ता: अडगळ

खटपट्या, तुम्ही अचूक नाडी पकडलीत. .बॅश_प्रोफाइल होती! मी ती कधीच बनवली नव्हती. आत एकच ओळ, एका वेगळ्याच साधनाला पाथमध्ये घालणारी. त्याच्या इन्स्टॉलरने न विचारता फाईल तयार केली, आणि त्या दिवसापासून माझी .प्रोफाइल वाचली जाणं बंद झालं. तिच्यासोबत .बॅशआरसीही लॉगिन शेलमधून गेली.

ती ओळ मी .प्रोफाइलमध्ये हलवली आणि .बॅश_प्रोफाइल काढून टाकली. टीमक्स आणि एसएसएच दोन्ही ठीक. क्रॉन बाकी आहे.

सरळमार्गी

फाईल काढून टाकू नका असं सुचवेन. उद्या दुसरा इन्स्टॉलर ती पुन्हा बनवेल. त्यापेक्षा .बॅश_प्रोफाइल स्वतःच ठेवा आणि तिच्यात फक्त .प्रोफाइल सोर्स करणारी ओळ लिहा. मग कुणी खाली काहीही जोडलं तरी तुमची साखळी तुटत नाही.

खटपट्या

हे मला पटलं. काढण्यापेक्षा हेच बरं.

उबुंटूच्या .प्रोफाइलमधली आणखी एक जागा लक्षात ठेवा, अडगळ. ती आधी .बॅशआरसी वाचते आणि त्यानंतर घरच्या .लोकल/बिनला पाथच्या सुरुवातीला लावते. म्हणजे साध्या टर्मिनलमध्ये शिम पुढे असतील, पण टीमक्स नि एसएसएचमध्ये .लोकल/बिन त्यांच्या पुढे. "पिप इन्स्टॉल --यूजर" ने तिथे काही बसवलं असेल तर तेच आधी सापडेल. "टाइप -ए पिप" दोन्हीकडे चालवून क्रम ताडून बघा. "व्हिच" पेक्षा "टाइप -ए" बरं, कारण ते फंक्शन आणि एलियसही दाखवतं आणि सगळे पत्ते क्रमाने देतं.

दुवा

क्रॉनचं उत्तर: क्रॉन यातली कुठलीच फाईल वाचत नाही. त्याचा शेल /बिन/एसएच असतो आणि पाथ जेमतेम /यूएसआर/बिन आणि /बिन एवढा. क्रॉनटॅबमध्ये सरळ पूर्ण पत्ता लिहा, म्हणजे .पायएन्व्हमधल्या व्हर्जन्सखाली हव्या त्या आवृत्तीच्या बिनमधलं पायथॉन. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट असेल तर तिच्या बिनमधलं. क्रॉनसाठी मी शिम वापरत नाही. शिम कुठल्या डिरेक्टरीतून चाललाय ते बघून आवृत्ती ठरवतो, आणि माणूस समोर नसताना चालणाऱ्या कामात आवृत्ती अशी ठरू नये. ती लिहिलेली दिसली पाहिजे.

क्रॉनटॅबच्या वरच्या भागात पाथ= लिहायचं असेल तर $होम वापरू नका. तिथे व्हेरिएबल उलगडलं जात नाही, अक्षरशः तसंच राहतं.

मंद्रसप्तक

+१. हेच एसएसएचने एखादी कमांड पाठवताना लागू पडतं. "एसएसएच सर्व्हर पायथॉन३" असं पाठवलं की शेल लॉगिनही नसतो नि इंटरॅक्टिव्हही नसतो. डेबियन-उबुंटूवर बॅश अशा वेळी .बॅशआरसी वाचायला घेतं, पण तिच्या अगदी वरच "इंटरॅक्टिव्ह नसेल तर परत फिर" अशी अट आहे. शेवटी टाकलेल्या तुमच्या ओळींपर्यंत ते पोहोचतच नाही.

अनामिका_व

मी नवीन आहे, प्रश्न साधा असेल तर क्षमस्व. पायएन्व्हच्या पायथॉनमध्ये पिपने एक टूल बसवलं. पिप म्हणतं बसलं, शेल म्हणतो कमांड नॉट फाउंड. टर्मिनल बंद करून उघडलं की चालतं. असं का?

रातकिडा

क्षमा कसली, प्रश्न अगदी रास्त आहे. नव्या टूलचा शिम अजून तयार झालेला नाही. "पायएन्व्ह रिहॅश" चालवा. नवं टर्मिनल उघडलं की इनिटमधली रिहॅशची ओळ तेच काम करते, म्हणून तेव्हा चालतं.

आणि उलट प्रकार झाला, म्हणजे कमांड चालतेय पण जुन्याच ठिकाणची, तर "हॅश -आर". बॅश एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतं, तो विसरायला लावायचा.

खटपट्या

त्यालाच जोडून: रिहॅश चालू असताना शिम्स डिरेक्टरीत .पायएन्व्ह-शिम नावाची फाईल बनते, एका वेळी एकानेच लिहावं म्हणून. मध्येच मशीन बंद पडलं की ती तशीच राहते, आणि पुढे नवं टर्मिनल अडखळत उघडतं व "कॅनॉट रिहॅश" असा संदेश येतो. दुसरा रिहॅश खरंच चालू नाही याची खात्री करून ती फाईल उडवा.

यमन

फिश हा शेल वापरणारे कुणी आहेत का? तिथे इव्हॅलची ओळ चालली नाही.

दुवा

फिशची भाषाच वेगळी आहे. कॉन्फिग.फिशमध्ये "पायएन्व्ह इनिट - फिश" चं आउटपुट पाइपने "सोर्स" कडे द्या. पाथसाठी फिश_ॲड_पाथ आहे, आणि तो नोंद दोनदा लावत नाही. एनव्हीएम मात्र फिशमध्ये थेट चालत नाही, ते बॅश-झेडएसएचच्या वळणाच्या शेलसाठी लिहिलेलं आहे. एफएनएम किंवा मीझ चालतं.

धागाकर्ता: अडगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझी रचना अशी: पायएन्व्ह_रूट आणि पाथ .प्रोफाइलमध्ये, .बॅशआरसी वाचणाऱ्या ओळींच्या वर. इव्हॅल .बॅशआरसीत, पण त्याचबरोबर .प्रोफाइलच्या अगदी शेवटी शिम्स डिरेक्टरी पुन्हा एकदा पुढे लावली आहे, म्हणजे लॉगिन शेलमध्येही शिम पहिले. .बॅश_प्रोफाइलमध्ये फक्त .प्रोफाइल सोर्स. क्रॉनटॅबमध्ये पूर्ण पत्ता. "टाइप -ए पायथॉन३" चा क्रम टर्मिनल, टीमक्स आणि एसएसएच, तिन्हीकडे सारखा येतोय.

एकच राहिलं. "सुडो पायथॉन३" (म्हणजे रूटच्या अधिकाराने चालवलेलं) अजून सिस्टिमचंच देतं.

मंद्रसप्तक

ते तसंच राहू द्या. सुडोअर्समधलं सिक्युअर_पाथ तुमचा पाथ बाजूला ठेवून स्वतःचा लावतं, आणि ते मुद्दाम आहे. रूटने तुमच्या घरच्या डिरेक्टरीतले, तुम्हाला बदलता येणारे प्रोग्रॅम नकळत चालवू नयेत म्हणून. पायएन्व्हच्या पायथॉनला सुडो लागतच नाही, सगळं तुमच्याच मालकीचं आहे. खरोखर गरज पडलीच तर सुडोपुढे पूर्ण पत्ता द्या.